खालचा पाइप

एक म्हातारा ड्रायव्हर होता. त्याचा जुना डिझेल टेम्पो होता आणि हाताखाली एक तरुण क्लीनर. एका पहाटे झेंडू भरून दोघं घाट चढत होते. अर्ध्या घाटात बॉनेटखाली काहीतरी फटकन वाजलं. बॅटरीचा लाल दिवा लागला आणि गरमीचा काटा वर सरकू लागला.

म्हाताऱ्याने गाडी कडेला घेतली. फॅन बेल्ट तुटून लोंबत होता. पंखा, डायनमो आणि पाण्याचा पंप, सगळं त्या एका पट्ट्यावर फिरायचं.

"काका, रेडिएटरमध्ये पाणी आहे की. हाणा तशीच वरपर्यंत."

"पाणी आहे रे, पण ते फिरवणार कोण?"

त्याने इंजिन बंद केलं, चावी तेवढी चालू ठेवली. काटा उतरायचा सोडून आणखी चढला. पोरगा घाबरला. पाण्याचा कॅन घेऊन त्याने रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. म्हाताऱ्याने त्याचं मनगट धरलं.

"उघडलंस तर उकळतं पाणी तोंडावर येईल. आणि तापल्या हेडवर गार पाणी पडलं तर हेडला तडा जाईल."

"मग करायचं काय?"

"बसायचं. खालच्या पाइपला हात लावून बघ."

पाइप गार होता. बऱ्याच वेळाने पोराने पुन्हा हात लावला, तर कोमट लागला.

"पंप बंद, मग पाणी हललं कसं?"

तापलेलं पाणी हलकं होऊन वरच्या पाइपने रेडिएटरमध्ये चढत होतं, निवून खालच्या पाइपने इंजिनात परतत होतं. १९०९ साली फोर्डने मॉडेल टीतला पंपच काढून टाकला, आणि ती गाडी पुढे १९२७ पर्यंत याच जोरावर धावली. या टेम्पोचे पाइप त्या बेताचे नव्हते. इथे पाणी फिरत होतं, पण रांगत.

काटा खाली आला तसा म्हाताऱ्याने एक वळण काढलं आणि पुन्हा थांबला. मग आणखी एक.

तापलेलं काही थांबवलं, की ते लगेच निवत नाही. आधी थोडं आणखी तापतं. थांबून उपयोग नाही असं वाटून माणूस झाकणाला हात घालतो, तो नेमका त्याच वेळी.

घाटमाथ्यावर बेल्ट मिळाला. मंडईत पोचेपर्यंत सकाळचा भाव उतरला होता, झेंडू पडेल त्या दराने द्यावा लागला. दुसऱ्या पहाटे टेम्पो पुन्हा भरला.