देवाच्या जमिनीचा मालक

सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर, कोकणात आणि मावळात, अजूनही काही गावांच्या शिवारात रानाचा असा एखादा तुकडा सापडतो, जिथे कुऱ्हाड चालत नाही: देवराई. भोवतीचा डोंगर बोडका झालेला असतो, पण तेवढ्या एक-दोन एकरांत, कधी दहा-वीस एकरांत, जुनी झाडं आणि त्यांना वेढणाऱ्या मनगटाहून जाड वेली टिकून असतात. आत देव असतो: वाघजाई, काळकाई, जाखमाता, वेताळ, म्हसोबा. पुराणांत यांतल्या बहुतेकांना मानाचं पान नाही, पण गावाच्या शिवेवर शब्द यांचाच चालतो. ही जमीन कोणाची असं गावात विचारलं तर उत्तर येतं, देवाची. सातबाऱ्यावर मात्र तिथे कधी वनखातं असतं, कधी महसूल, कधी देवस्थान, तर कधी चक्क कुणा खातेदाराचं नाव. हा फरक कागदोपत्री घोळाचा वाटतो; माझ्या मते तो धर्मविचारातला आहे. स्थानिक लोकांनी निसर्ग राखावा, हे हल्ली सरकारपासून संस्थांपर्यंत सगळेच म्हणतात. पण जमीन देवाची आहे या वाक्याचा अर्थ लागल्याशिवाय राखणं म्हणजे काय आणि ते कोणी करायचं, हे कळत नाही.

या वाक्याचा सर्वांत अनपेक्षित अर्थ आपल्याच परंपरेत मिळतो, तोही यज्ञकर्माची बाजू हिरिरीने मांडणाऱ्या मीमांसकांकडे. जैमिनीच्या सूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या शबरस्वामींनी देवता जमिनीची मालक असते हे साफ नाकारलं आहे. त्यांचा युक्तिवाद सरळ आहे. एखाद्या वस्तूचा आपल्या इच्छेप्रमाणे विनियोग करू शकतो, तो तिचा मालक. देवता गावाचा किंवा शेताचा असा विनियोग करत नाही. तेव्हा देवाचं गाव, देवाचं शेत ही बोलण्याची रीत झाली. प्रत्यक्षात त्या उत्पन्नावर देवाचे सेवेकरी पोसले जातात, इतकंच. श्रद्धेला धक्का देणारं हे विधान कुणा नास्तिकाचं नाही, हे लक्षात घ्यायला हवं. आधुनिक न्यायालयं पुढे उलट्या दिशेने गेली. त्यांनी मूर्तीला कायद्यापुरती व्यक्ती मानलं, कायमचं अज्ञान बालक ठरवलं आणि तिच्या वतीने बोलायला पालक दिला. त्या पालकांनी देवस्थान इनामांचं काय केलं, याच्या कहाण्या महाराष्ट्राला सांगायला नकोत. शबरस्वामींचा धागा मात्र वेगळीकडे नेतो. देणाऱ्याने जमिनीवरचा हक्क सोडला आहे आणि घेणारा देव तर मालक होत नाही. मग त्या जमिनीत मालकी उरते कुठे? शबरस्वामी इथवर जात नाहीत, हे अनुमान माझं. रानाचा तुकडा देवाचा आहे असं म्हणताना गाव नवा मालक नेमत नाही. तेवढ्या जमिनीतून मालकीच काढून घेतं.

देवरायांचे नियम पाहिले तर हे अनुमान ओढूनताणून केलेलं वाटणार नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा हे नियम गावोगाव वेगळे असल्याचं दिसलं. कुठे वाळलेलं पानही बाहेर न्यायचं नाही, कुठे पडलेलं लाकूड उचलायला हरकत नाही, कुठे फक्त देवळाच्या किंवा गावाच्या सामाईक कामासाठी झाड तोडायची मुभा. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या देवराईत गारंबीचा वेल होता आणि साप चावलेल्या गुरांवर औषध म्हणून त्याची साल न्यायला लोक लांबून येत, अशीही नोंद त्यांनी केली आहे. म्हणजे सगळा वापर निषिद्ध नव्हता. निषिद्ध होतं ते एकट्याने ठरवणं. गरज मोठी असली तरी मानकऱ्यांनी जमायचं, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, देवाला कौल लावायचा आणि तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घ्यायचा. मूर्तीला चिकटवलेला कळा उजवीकडचा पडला की डावीकडचा, यावर झाडाचं भवितव्य ठरावं हे आधुनिक मनाला हास्यास्पद वाटेल. पण या रिवाजाने काय साधलं ते बघा: गावातल्या सर्वांत दांडग्या माणसालाही परवानगी मागावी लागली, आणि ती चारचौघांत मागावी लागली. लाकूड कोणाला किती हवं आहे हे गुप्त ठेवण्याची सोयच राहिली नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. हे सगळं बौद्धिक सजावटीचं झालं. झाडं वाचली ती धाकाने. देवी कोपेल, घरात आजारपण येईल, या भीतीपुढे कुऱ्हाड थांबली. भीती गेली की देवराई गेली, आणि लोकसहभागाच्या गप्पा ती जागा भरून काढू शकत नाहीत. धाक होता हे मी नाकारत नाही. पण निव्वळ धाकावर रान टिकतं असं म्हणायचं तर गेल्या काही दशकांतल्या एका विचित्र गोष्टीचा उलगडा होत नाही. अनेक देवराया श्रद्धा आटल्यामुळे गेल्या नाहीत. श्रद्धा फोफावल्यामुळे गेल्या. उघड्यावर, झाडाच्या बुंध्याशी असलेल्या शेंदऱ्या तांदळ्यासाठी मुंबईकर चाकरमान्यांनी वर्गणी काढली, कौलारू देवळी पाडून सिमेंटचं देऊळ आलं, मग सभामंडप, मग गाड्या यायला रस्ता, मग फरशी घातलेलं आवार. दर टप्प्याला काही झाडं गेली आणि कुणाला देवीच्या कोपाची भीती वाटली नाही, कारण काम देवीचंच होतं. जीर्णोद्धार म्हणजे पुण्य. देव मोठा होत गेला आणि त्याचं रान आकसत गेलं. भक्तीत खोट नव्हती. खोट होती ती वर्गणीदारांनी देवाला मालक समजण्यात. मालकाला चांगलं घर बांधून द्यावं, हे ओघानेच आलं.

तेव्हा पवित्र काय आहे, हा प्रश्न कोणी ठरवायचा? या प्रश्नावर भारतात झालेला सर्वांत महत्त्वाचा निवाडा ओडिशातला आहे. नियमगिरीच्या डोंगरमाथ्यावर बॉक्साइट आहे आणि तोच डोंगर डोंगरिया कोंधांच्या नियमराजाचं ठाणं आहे. वेदांता कंपनीच्या लांजीगढच्या कारखान्यासाठी तिथे खाण काढायची होती. सर्वोच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2013 रोजी जे सांगितलं ते विलक्षण होतं: या लोकांच्या धार्मिक हक्काला बाधा येते की नाही, हे ग्रामसभांनी ठरवावं. न्यायालयाने पंडितांची समिती नेमली नाही, धर्मग्रंथ मागवले नाहीत. शंभराहून अधिक वस्त्यांपैकी राज्य सरकारने स्वतःच बारा ग्रामसभा निवडल्या, बहुधा एवढ्याच सांभाळणं सोपं जाईल असा हिशेब असावा. त्याच वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये जिल्हा न्यायाधीशांच्या उपस्थितीत सभा झाल्या आणि बाराच्या बारा सभांनी नकार दिला. यावर टीकाकारांनी विचारलं, डोंगर देव आहे की नाही हे हात वर करून ठरतं का? माझं उत्तर असं की तिथे देवाच्या अस्तित्वावर मतदान झालंच नाही. तिथे लोकांनी सांगितलं, की हा डोंगर आम्ही विकू शकत नाही, कारण तो आमचाही नाही. हे फक्त तेच सांगू शकत होते, ज्यांना विकून काही मिळालं असतं. दिल्लीतल्या पर्यावरणवाद्याने तोच डोंगर पवित्र म्हटला तर त्यात त्याचं काही जात नाही. पावित्र्याला त्यागाचा आधार लागतो, आणि त्याग दुसऱ्याच्या वतीने करता येत नाही. लोकसहभागाचा धर्माशी संबंध मला इथे दिसतो.

जैवविविधतेचं शास्त्रीय कारण पुरेसं असताना देवाला मध्ये कशाला आणायचं, असंही विचारलं जातं. शास्त्र काय गमावलं जाईल ते सांगतं. हात कोणी आवरायचा ते सांगत नाही. आणि देव मध्ये आणावाच लागतो असंही नाही. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा हे गोंडांचं छोटं गाव याचा दाखला आहे. 2006च्या वनहक्क कायद्याखाली 2009 साली या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी वनखात्याशी झगडावं लागलं, ते परवानापुस्तक 2011च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री गावात येऊन देऊन गेले. पण हक्क मिळण्याच्या कितीतरी आधीपासून गावाने दोन सवयी अंगी बाणवल्या होत्या: निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सर्वसहमतीने घ्यायचा, आणि निर्णयाआधी अभ्यासगटात बसून विषय समजून घ्यायचा. सर्वसहमतीला वेळ लागतो, एक माणूस अडून बसला तर काम खोळंबतं. कौलाचाही गुण नेमका हाच होता. पुढे 2013 मध्ये ग्रामदान कायद्याखाली गावाने खासगी जमिनीही ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. देवराईत एका तुकड्यापुरतं जे झालं होतं, ते इथे सबंध गावासाठी, देवीच्या कोपाचा आधार न घेता, मनात आणलं गेलं. सामाईक ते उजाड होणारच, असं भाकीत गॅरेट हार्डिनने 1968 साली केलं होतं आणि एलिनॉर ऑस्ट्रॉमला 2009चं नोबेल मिळालं ते हे अटळ नसल्याचं दाखवल्याबद्दल. ऑस्ट्रॉमने नियम, देखरेख, दंड यांचं विश्लेषण केलं. मात्र नियम पाळणारा माणूस मुळात स्वतःला मालक समजत नाही, ही अट त्या विश्लेषणात थोडी मागे राहते असं मला वाटतं.

आता सर्वांत अवघड आक्षेप. गाव म्हणजे काही साधुसंतांची सभा नव्हे. कौल लावणारा गुरव, शेजारी उभा मानकरी आणि लांब उभे केलेले बाकीचे, हे चित्र जातीचं आहे. काही देवरायांत बायकांना प्रवेश नव्हता आणि नाही. ज्या सरपणासाठी बायकांनी मैलोन्‌मैल चालायचं, त्याच्या निर्णयात त्यांना जागा नसेल, तर तो त्याग गावाचा कसा? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि माझ्या मूळ म्हणण्यातूनच तो निघतो. त्याग दुसऱ्याच्या वतीने करता येत नसेल, तर मानकऱ्याने मोळी विकणाऱ्या बाईच्या वतीने केलेला त्यागही खोटाच. म्हणूनच वनहक्क नियमांतली 2012च्या दुरुस्तीनंतरची कोरडी तरतूद, की सभेला निम्मे सदस्य हवेत आणि उपस्थितांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात, मला एखाद्या धर्मसुधारणेइतकी मोलाची वाटते. ती पाळली जाते का, हा वेगळा आणि कडू विषय आहे. राहिला शेवटचा प्रश्न: अशी भरलेली, जाणती ग्रामसभा खाणीला हो म्हणाली तर? म्हणू शकते. कर्ज, बेकारी, फोडाफोडी यांपुढे गावं नमतात, त्यात नवल नाही. म्हणून राज्याच्या कायद्याने एक किमान मर्यादा राखलीच पाहिजे. गावाला त्याखाली उतरता येऊ नये. पण सध्याची तक्रार गावं फार हो म्हणतात अशी नाही. त्यांना विचारलंच जात नाही, ही आहे.

कारण आपल्याकडे ऐकणं आणि विचारणं यांत हिशेबाने अंतर ठेवलेलं आहे. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाबाबतच्या 2006च्या अधिसूचनेनुसार प्रकल्पाआधी जनसुनावणी होते. मांडव पडतो, अधिकारी बसतात, माईकवर लोक तावातावाने बोलतात, इतिवृत्त वर जातं. ते बंधनकारक नसतं. वनजमीन वळती करण्याआधी ग्रामसभेची संमती घ्या, असं केंद्राच्या 3 ऑगस्ट 2009च्या परिपत्रकात होतं. 2022च्या नियमांनी केंद्राची मंजुरी त्या अटीपासून सोडवली आणि जबाबदारी राज्यांकडे ढकलली. गाडगीळ समितीने 2011च्या अहवालात पश्चिम घाटाबद्दलच्या आपल्या शिफारशी ग्रामसभांपुढे चर्चेला ठेवा असं म्हटलं होतं. त्या अहवालाला विकासविरोधी म्हणून झोडपणारे ही शिफारस सोयीस्करपणे विसरले, आणि कौतुक करणाऱ्यांपैकीही बरेच जण.

डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या ओरणांबद्दल, म्हणजे तिथल्या देवरायांबद्दल, निर्णय दिला. जमिनीवर आणि उपग्रहाच्या मदतीने त्यांची मोजणी करा, त्यांना वन म्हणून अधिसूचित करा, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या राखणाऱ्या समूहांना राखणदार म्हणून मान्यता द्या, असा त्याचा आशय आहे. निकालपत्रात भगवद्गीतेचा आधारही आला आहे. हेतू चांगलाच आहे. पण त्याच वर्षाच्या सुरुवातीला, ओरणांना मानीव वन ठरवण्याची हालचाल सुरू झाली तेव्हा, त्याच राखणाऱ्या लोकांनी हरकत घेतली होती: एकदा वनखात्याचं नाव लागलं की आमची मेंढरं कुठे चरायची आणि देवाला जायला परवाना कोणाचा काढायचा? अंमलबजावणीसाठी न्यायालयाने पाच जणांची समिती सुचवली. अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, सोबत विषयाचा एक जाणकार, शक्यतो निवृत्त मुख्य वनसंरक्षक, मग केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचा एक वरिष्ठ अधिकारी, राज्याच्या वनखात्याचा एक आणि महसूलखात्याचा एक. ओरणात मेंढरं नेणाऱ्या माणसासाठी या पाचांत जागा ठेवलेली नाही.