आज्ञा आणि निवड : जॅक कर्बी यांच्या ‘फोर्थ वर्ल्ड’मधील दुष्टतेचा प्रश्न

अमेरिकन चित्रकार जॅक कर्बी यांनी १९७० ते १९७४ या काळात डीसी कॉमिक्ससाठी एकमेकींत गुंतलेल्या चार मालिका लिहिल्या आणि चितारल्या. ‘न्यू गॉड्स’, ‘द फॉरएव्हर पीपल’ आणि ‘मिस्टर मिरॅकल’ या तीन नव्या होत्या. ‘सुपरमॅन्स पॅल जिमी ऑल्सन’ ही जुनी, चालू मालिका होती. या सगळ्यांना मिळून ‘फोर्थ वर्ल्ड’ म्हणतात. २००७-०८ मध्ये त्यांचा चार खंडांचा संग्रह निघाला आणि २०१७ मध्ये, कर्बी यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, सगळा मजकूर एकाच जाडजूड ग्रंथात आला. वरवर पाहता हा सुपरहिरोंच्या मारामारीचा ऐवज आहे. त्याच्या तळाशी मात्र धर्मचिंतनातला एक जुना प्रश्न आहे : दुष्टता म्हणजे नेमके काय, आणि तिच्याशी लढणाऱ्याने कोणते शस्त्र हाती घेतले की तो तिचाच होतो?

कर्बी यांचे मूळ नाव जेकब कर्ट्झबर्ग. जन्म २८ ऑगस्ट १९१७, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधला. घर स्थलांतरित ज्यूंचे, गरिबीचे. जो सायमन यांच्यासह त्यांनी ‘कॅप्टन अमेरिका’ उभा केला. त्याच्या पहिल्याच मुखपृष्ठावर नायक हिटलरला ठोसा लगावतो, आणि तो अंक बाजारात आला तेव्हा अमेरिका अजून युद्धात उतरलेली नव्हती. पुढे कर्बी स्वतः सैनिक म्हणून फ्रान्समध्ये लढले आणि हिमदंशाने पाय गमावता गमावता वाचले. १९६० च्या दशकात मार्व्हलची बहुतेक प्रमुख पात्रे त्यांच्या पेन्सिलीतून उतरली. १९७० मध्ये ते डीसीकडे आले ते लेखक, चित्रकार आणि संपादक अशा तिन्ही भूमिकांत. हुकूमशाही ही त्यांच्यासाठी पुस्तकी संकल्पना नव्हती, हे लक्षात ठेवले तर पुढचे बरेच काही उलगडते.

‘न्यू गॉड्स’ची सुरुवात जुन्या देवांच्या मृत्यूने होते. त्यांच्या अखेरच्या युद्धात त्यांचे जग दुभंगते आणि दोन ग्रह उरतात. न्यू जेनेसिस हिरवागार आणि मोकळा. त्यावर हायफादर या वृद्धाचे वडीलकीचे छत्र. अ‍ॅपोकोलिप्स म्हणजे अग्निकुंडांनी पोखरलेला कारखाना. तिथे डार्कसाइडचे राज्य. प्रकाश आणि अंधार यांची इतकी ठळक फाळणी पाहून प्राचीन इराणातल्या मानी पंथाची आठवण होणे साहजिक आहे. त्या पंथाच्या मते सत् आणि असत् ही दोन अनादी, स्वतंत्र तत्त्वे होत. कर्बी यांची मांडणी तिथे जात नाही. त्यांचे दोन्ही ग्रह एकाच जगाचे तुकडे आहेत, आणि दोन्हींकडचे देव जन्मतात, चुकतात, मरतात. दोन्हींच्या पलीकडे ‘सोर्स’ नावाचे काहीतरी आहे. ते दिसत नाही, बोलत नाही. एका भिंतीवर जळत्या बोटाने अक्षरे उमटवते. बायबलमधल्या दानिएलच्या ग्रंथात बेलशस्सर राजाच्या भिंतीवर लिहिणारा हात इथे सरळ ओळखू येतो. फरक असा की बायबलमधला हात निकाल सांगतो, इथला सल्ला देतो. पहिल्याच अंकात हायफादर आपला योद्धा ऑरायन याला बजावतो की सोर्स सुचवतो, ठरवत नाही. निवडीचा हक्क ज्याचा त्याला आहे, आणि जीवनाचे समीकरण हेच.

डार्कसाइड याच्या उलट समीकरणाच्या शोधात आहे. त्या समीकरणाला ‘अँटी-लाइफ इक्वेशन’ म्हणतात. डार्कसाइडला पृथ्वी जाळायची नाही, लोकांना मारायचेही नाही. सर्व सजीवांच्या विचारांवर बाहेरून पूर्ण ताबा मिळवायचा आहे, आणि त्याची गुरुकिल्ली कुणा माणसाच्या मनात दडली आहे असा त्याचा कयास आहे. या कथेचा युक्तिवाद साधा आणि कडक आहे : ज्याची इच्छा समूळ दुसऱ्याच्या हाती गेली तो श्वास घेत असला तरी जिवंत नाही. संत ऑगस्टीन यांनी दुष्टतेला स्वतंत्र अस्तित्व नाकारले होते. ती सत् चा अभाव, एवढेच ते मानत. कर्बी अभावाची जागा नेमकी दाखवतात. ज्या ठिकाणी ‘मी’ असायला हवा तिथे दुसऱ्याची आज्ञा असते.

‘द फॉरएव्हर पीपल’च्या तिसऱ्या अंकात या आज्ञेचा प्रचारक भेटतो. त्याचे नाव ग्लोरियस गॉडफ्री. मोठा तंबू, व्यासपीठ, गोड आवाज. अमेरिकेतल्या पुनरुज्जीवनवादी धर्मसभांचा सगळा थाट. तो लोकांना धमकावत नाही. तो त्यांना शंकेपासून सुटका देऊ करतो, आणि ती घेणाऱ्याच्या डोक्यावर शिरस्त्राण चढवतो, चेहरा झाकून टाकतो. मग ही मंडळी ज्यांना ‘नको असलेले’ ठरवले गेले त्यांच्यावर तुटून पडतात. कर्बी यांची टीका श्रद्धेवर नाही. त्यांचे देव प्रार्थनेसारख्याच शांततेत ‘मदर बॉक्स’ या छोट्या यंत्राशी संवाद साधतात. विचार करण्याचा शीण दुसऱ्याच्या गळ्यात टाकण्याच्या मोहावर ती टीका आहे.

चौथ्या अंकात हॅपीलँड नावाचे मनोरंजन उद्यान येते. डार्कसाइडचा हस्तक देसाद याने कैदी त्या उद्यानाच्या खेळण्यांतच कोंडले आहेत. ते ओरडतात, मदत मागतात. पण मधल्या यंत्रणेमुळे बाहेरच्या पाहुण्यांना दिसतात ते नुसते गमतीचे पुतळे, ऐकू येतो तो खेळाचाच आवाज. एकीकडे कैद्याचा चेहरा, दुसरीकडे काचेला नाक लावून हसणारी कुटुंबे. या पाहुण्यांच्या डोक्यावर कुणी शिरस्त्राण चढवलेले नाही, त्यांनी कुणाला दुखावलेले नाही. नाझी छावण्यांच्या शेजारच्या गावांविषयी जे प्रश्न युद्धानंतर विचारले गेले, ते इथे आठ-दहा चौकटींत येऊन जातात.

हॅपीलँडचा शेवट अधिक अडचणीचा आहे. फॉरएव्हर पीपल या न्यू जेनेसिसच्या तरुण देवांची मदर बॉक्स सॉनी सूमो या जपानी मल्लाला शोधून काढते. सरळमार्गी माणूस, पण ज्या शक्तीसाठी डार्कसाइड पृथ्वी धुंडाळतो आहे ती नेमकी याच्यात आहे. सॉनी ती वापरतो. तो पहारेकऱ्यांना थांबण्याची आज्ञा देतो, आणि ते थांबतात, कैदी सुटतात. म्हणजे कथेने ज्याला जीवनाच्या उलट समीकरण म्हटले तेच तिने सुटकेसाठी वापरले. कर्बी यांनी यावर प्रवचन दिलेले नाही, पण पुढची मांडणी बोलकी आहे. डार्कसाइडच्या हातून सॉनी भूतकाळात, सरंजामी जपानात फेकला जातो आणि तिथेच आयुष्य शांतपणे घालवतो. ती शक्ती पुन्हा वापरत नाही. आठव्या अंकात हीच शक्ती असलेला दुसरा माणूस येतो, बिलियन-डॉलर बेट्स. या धनाढ्याने आयुष्यभर लोकांना हवे तसे वागायला लावून माया जमवली आहे. तो मरतो तो एका गोळीने. एकच सामर्थ्य, दोन स्वभाव. मात्र हेतू चांगला म्हणून सॉनीची आज्ञा निर्दोष ठरते का, याचे उत्तर कथा देत नाही. पहारेकऱ्यांचीही इच्छा त्या क्षणी त्यांची राहिली नव्हती, ही गोष्ट जागच्या जागी उरते.

‘न्यू गॉड्स’च्या सातव्या अंकातली ‘द पॅक्ट’ ही कथा (१९७२) या साऱ्याचा कणा आहे. हायफादर तेव्हा इझाया नावाचा योद्धा होता. त्याची पत्नी अ‍ॅव्हिया मारली जाते आणि तो सूडाने पेटतो. दोन्ही ग्रहांची राखरांगोळी होते. शत्रूच्याच रीतीने लढता लढता आपण शत्रूसारखे झालो हे त्याच्या ध्यानात येते, तो शस्त्रे फेकून रानात जातो, आणि तिथे त्याला सोर्सची ती भिंत सापडते. त्यानंतर तह होतो आणि ओलीस म्हणून मुलांची अदलाबदल केली जाते. डार्कसाइडचा मुलगा ऑरायन न्यू जेनेसिसवर येतो. इझायाचे तान्हे बाळ अ‍ॅपोकोलिप्सला, ग्रॅनी गुडनेसच्या छळवादी अनाथालयात जाते. हाच पुढचा स्कॉट फ्री, म्हणजे ‘मिस्टर मिरॅकल’. दुष्टता रक्तातून येते हा समज या अदलाबदलीने मोडीत निघतो. कुंतीपोटी जन्मून राधेच्या घरी वाढलेल्या कर्णामुळे जन्म आणि संस्कार यांचा तिढा मराठी वाचकाला अपरिचित नाही. पण कर्बी संस्कारालाही शेवटचा शब्द देत नाहीत. छळात वाढलेला स्कॉट क्रूर होत नाही, तो निसटण्याची कला शिकतो. प्रेमात वाढलेल्या ऑरायनचा संताप जात नाही. त्याचा खरा, राकट चेहरा मदर बॉक्स सौम्य करून ठेवते आणि युद्धात तो मुखवटा गळून पडतो. दोघांनाही जे मिळाले त्याचे काय करायचे हे स्वतःच ठरवावे लागते.

हायफादरवरचा डाग यातून पुसला जात नाही. निवडीचा हक्क सांगणाऱ्या या वृद्धाने ज्याला बोलताही येत नव्हते अशा पोराला शांततेची किंमत म्हणून दिले. डार्कसाइडचा हिशेब त्याहून थंड आहे : स्कॉट एक दिवस पळेल, तह मोडेल आणि युद्धाला निमित्त मिळेल. ‘मिस्टर मिरॅकल’च्या नवव्या अंकात, ‘हायमन’ या कथेत, स्कॉट पळतो. त्याच अंकात ऑरेली नावाची एक तरुणी आहे. तिचा गुन्हा इतकाच की ती नृत्य करू पाहते. अ‍ॅपोकोलिप्सवर तेवढ्यासाठी तिला जीव गमवावा लागतो.

हे सगळे धागे लोकांना मूळ अंकांत एकत्र दिसणे कठीण होते. तिन्ही नव्या मालिका एकाआड एक महिन्याने निघत, सगळ्यांचे अंक विक्रेत्याकडे असतच असे नाही. कर्बी यांच्या मनात मात्र शेवट असलेली, पुढे पुस्तकरूपात बांधता येईल अशी कथा होती. प्रकाशकाने १९७२ मध्ये ‘न्यू गॉड्स’ आणि ‘द फॉरएव्हर पीपल’ अकराव्या अंकावर थांबवल्या. ‘मिस्टर मिरॅकल’ १९७४ पर्यंत रेटली गेली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेले संग्रह मालिकांप्रमाणे वेगळे आणि कृष्णधवल होते. २००७ च्या खंडांनी प्रकाशनाच्या क्रमाने सगळे अंक एकमेकांत गुंफले, कागदही जुन्या अंकांसारखा खरबरीत वापरला. क्रमाचा परिणाम मोठा होतो. गॉडफ्रीची सभा, हॅपीलँड, सॉनीची आज्ञा हे सारे वाचून झाल्यावर ‘द पॅक्ट’ समोर येते. हायफादरची शांतता कशावर उभी आहे हे वाचकाला कळते, तोवर तो त्या शांततेवर विसंबून बसलेला असतो.

या संग्रहांत एक गोष्ट दुरुस्त होत नाही. ‘जिमी ऑल्सन’मध्ये कर्बी यांनी काढलेले सुपरमॅनचे चेहरे कंपनीने इतर चित्रकारांकडून बदलून घेतले होते, कारण ते ठरलेल्या साच्याशी जुळत नव्हते. छापला गेला तो बदललेला चेहरा. सक्तीने एकसारखे केलेल्या चेहऱ्यांची भीती हा ज्या कृतीचा विषय, तिच्याच पानांवर हे घडावे, हा योगायोग टीकाकारांना हवाहवासा वाटेल. कारण मात्र निव्वळ व्यापारी होते.

सर्वांत कठीण गाठ भविष्यवाणीची आहे. ऑरायन आणि डार्कसाइड, म्हणजे मुलगा आणि बाप, अखेरच्या लढाईत समोरासमोर येणार हे आधीच लिहिलेले आहे. मग निवड कुठे उरली? ज्यू परंपरेत रब्बी अकिवा यांच्या नावावर असे मत आहे की सर्व काही आधीच पाहिलेले असते आणि तरीही मोकळीक दिलेली असते. गीतेच्या अठराव्या अध्यायातही कृष्ण अर्जुनाला आधी सांगतो की तुझा स्वभाव तुला लढायला लावेलच, आणि तीनच श्लोकांनंतर म्हणतो की विचार करून तुला वाटेल तसे कर. दोन्ही ठिकाणी ताण तसाच ठेवलेला आहे. कर्बी यांना तो ताण गोष्टीत सोडवावा लागणार होता, आणि मालिका तिथवर पोचलीच नाही.

१९८४ मध्ये ‘न्यू गॉड्स’चे पुनर्मुद्रण झाले तेव्हा डीसीने त्यांच्याकडून शेवट मागवला. त्यातून ‘इव्हन गॉड्स मस्ट डाय!’ ही कथा आणि १९८५ मध्ये ‘द हंगर डॉग्ज’ हे चित्रपुस्तक आले. डार्कसाइड आता खेळण्यांच्या मालिकेतही होता. त्याला कायमचे संपवणे प्रकाशकाला परवडणारे नव्हते. रेषाही बदलली होती : हात थकलेला, चौकटी मोकळ्या. न्यू जेनेसिसचा स्फोट होतो, अ‍ॅपोकोलिप्सवर एका कळीने जग उडवणारी शस्त्रे आलेली असतात आणि डार्कसाइडलाच आपण कालबाह्य झाल्याची जाणीव होते. ऑरायन बापाला मारायला येतो आणि न मारता जातो. कैदेतली आई टिग्रा आणि प्रेयसी बेका यांना घेऊन तो निघून जातो. राजाविरुद्ध उठतात ती कारखान्यांतली उपाशी माणसे, ज्यांची नावे तोवर कुणी विचारली नव्हती. समीक्षकांनी हा शेवट तोकडा ठरवला, आणि कथानक म्हणून तो तसा आहेही. पण लिहून ठेवलेली लढाई ज्याच्या वाट्याला आली होती त्याने ती लढली नाही, आणि २००८ च्या चौथ्या खंडात ती पाने १९७० च्या दशकातल्या अंकांच्या पाठोपाठ छापलेली आहेत.