अज्वर आणि विगतज्वर

रुग्णाच्या स्थितीची नोंद करताना आधुनिक वैद्य 'फेब्राइल' किंवा 'अफेब्राइल' असा शब्द लिहितात. पहिल्याचे मूळ लॅटिन 'फेब्रिस', म्हणजे ज्वर. दुसऱ्यात त्यालाच निषेधार्थक 'अ' जोडलेला आहे. हा 'अ' मूळचा ग्रीक, आणि संस्कृतातील 'अ'चा सख्खा भाऊ. म्हणून 'सज्वर' व 'अज्वर' ही जोडी येथे सहज जुळते. तापमापकाचा पारा १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याच्या वर असल्यास सामान्यतः सज्वर, खाली असल्यास अज्वर.

परंतु पारा उतरला म्हणजे ज्वर गेला काय? औषधाने मुलाचे अंग निवते, आईचा जीव भांड्यात पडतो, आणि रात्री अंग पुनः तापते. तृतीयक ज्वरात तर मधला दिवस संपूर्ण निवांत जातो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसऱ्या अध्यायात अशा ज्वराला भूमीत दडलेल्या बीजाची उपमा दिली आहे. काळ आला की ते रुजते. म्हणूनच तेथे केवळ अंग थंड असणाऱ्यास अज्वर म्हटलेले नाही. थकवा व ताप गेलेला, वेदनारहित, इंद्रिये निर्मळ, मन मूळ प्रकृतीवर आलेले, असा पुरुष तो अज्वर. पाऱ्याला मनाची वार्ता कोठून असणार!

गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील तिसाव्या श्लोकात भगवंतांनी योजलेला शब्द 'विगतज्वर' हा आहे. श्रीशंकराचार्यांनी त्यातील ज्वराचा अर्थ संताप व शोक असा केला. पहिल्या अध्यायात अर्जुनाचे मुख कोरडे पडते, शरीर कापते, त्वचा जळते. ही लक्षणे वैद्यालाही ओळखीची वाटावीत. तो रथ फिरवून निघून गेला असता, तर कदाचित कंप थांबला असता. तेवढ्याने त्याला विगतज्वर म्हणता आले नसते, कारण 'हे माझे' हे बीज तसेच राहिले असते. त्याच श्लोकात आशा व ममता टाकण्यास सांगितले आहे, कर्म टाकण्यास नव्हे.

वडिलोपार्जित वाटणीत भावासाठी शेत सोडणारा गृहस्थ शांत दिसतो, लोकही त्याची वाखाणणी करतात. मात्र दर दिवाळीस पंगतीत तो त्या शेताचा विषय काढतो. हा तृतीयकाचा मधला दिवस होय. दुसरा एखादा कोर्टात आपला न्याय्य हिस्सा मागतो, आणि त्याच सायंकाळी भावाच्या आजारी मुलासाठी औषध घेऊन जातो. या दोघांत अज्वर कोणास म्हणावे?