वादकाचें स्वातंत्र्य आणि सभागृहाचें बंधन

'मी कोठेंही वाजविलें तरी माझा स्वर माझाच राहील,' असें म्हणणाऱ्या कलावंताच्या वाणींत एक प्रकारचें तेज असतें, हें आम्हांस मान्य आहे. परंतु एखादा वाद्यवृंद नव्या सभागृहांत वाजवूं लागला म्हणजे या तेजाची खरी परीक्षा होते.

अमेरिकेंतील सेंट पॉल या नगरींत १९५९ सालीं स्थापन झालेला चेंबर ऑर्केस्ट्रा, म्हणजे मोजक्या वादकांचा लहान वाद्यवृंद, आहे. पुष्कळदां तो संचालकावांचून वाजवितो. हात हलवून ताल देणारा कोणी नसल्यामुळें प्रत्येकानें शेजाऱ्याचें ऐकूनच आपलें वाजवावयाचें असतें. पूर्वीं तो ऑर्डवे या कलाकेंद्रांतील सुमारें १,९०० आसनांच्या नाट्यगृहांत वाजवीत असे. २०१५ सालीं तेथेंच त्याच्यासाठीं सुमारें १,१०० आसनांचें नवें सभागृह उघडलें. अशा स्थित्यंतरांत केवळ जागा बदलते असें नाहीं. मोठ्या गृहांत मृदु स्वर मागच्या रांगेपर्यंत पोंचत नाहीं म्हणून वादक गज दाबून ओढूं लागतो, आणि हा जोर पुढें स्वभाव बनतो. चांगल्या लहान गृहांत तोच जोर शेजाऱ्याचा स्वर झांकून टाकतो.

मग गृहापुढें नमणें ही लाचारी नव्हे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. हार्वर्ड येथील वॉलेस सॅबाइन यांनीं १८९५ पासून, ज्या व्याख्यानगृहांत उच्चारलेला शब्द पांच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही, त्याचा अभ्यास केला. रात्रीं शेजारच्या नाट्यगृहांतील गाद्या आणून ते ध्वनि मोजीत. बसलेलीं माणसेंही ध्वनि शोषून घेतात, हेंही त्यांनीं मोजून दाखविलें. याचा अर्थ असा कीं, रिकाम्या गृहांतील तालमीचा स्वर भरल्या गृहांत तसाच राहत नाहीं. श्रोता नुसता येऊन बसला तरी स्वराच्या घडणींत त्याचा वांटा असतो. जो स्वर मुळांतच एकट्याचा नाहीं, त्यावर एकट्याची मालकी कशी सांगावी? वादकानें सुरांतील सत्य सोडावयाचें नाहीं. सोडावयाचा तो केवळ अनावश्यक जोर.

तथापि सर्व भार वादकावरच टाकणें अन्यायाचें होईल. न्यूयॉर्क येथें १९६२ सालीं उघडलेल्या फिलहार्मोनिक हॉलमध्यें वादकांस एकमेकांचें नीट ऐकूंच येत नसे. बरेच उपाय झाले, आणि अखेर १९७६ सालीं त्याचा अंतर्भाग पाडून नव्यानें बांधावा लागला. तेथें वादकांस संयमाचा उपदेश करून काय उपयोग होता?

समाजासही हाच न्याय लागू आहे. जेथें आपलें कोणास ऐकूं येत नाहीं, तेथें माणूस ओरडतो; त्याच्या ओरडण्यास दोष देण्यापूर्वीं भिंती तपासाव्या. परंतु जेथें हळू बोललेंही ऐकूं येतें, तेथें जो जुन्या संवयीनें ओरडतच राहतो, त्यास तें आपलें स्वातंत्र्य आहे असें म्हणतां येणार नाहीं. दुसऱ्याचें ऐकून आपला आवाज आवरतां येणें, हेंही स्वातंत्र्याचेंच लक्षण आहे, असें आमचें मत आहे.