उरलेल्यावर हक्क कोणाचा?

देवाला कोरंच द्यावं, असं आपण मानतो. हुंगलेलं फूल वाहत नाही, नैवेद्य दाखवण्याआधी ताटातलं कुणी चाखत नाही. म्हणून देवांसाठी भिंतीवरची लहानशी फळी पाडलेल्या एका वाड्याच्या लाकडातून मी करतोय, हे कळल्यावर आत्या फोनवर म्हणाली, "अरे, देवाला उरलंसुरलं देतात होय?"

तिचा प्रश्न रास्त आहे. जगन्नाथपुरीत नवकलेवर, म्हणजे मूर्ती बदलण्याचा विधी होतो, तेव्हा मूर्ती नव्या कडुनिंबाच्या लाकडाच्याच घडवतात. त्यासाठी ठरलेल्या खुणा बघत झाड शोधतात आणि जुन्या मूर्ती मंदिराच्या आवारातल्या कोइली वैकुंठात पुरतात. 1996 नंतर 2015 साली हे झालं. जुन्या लाकडाचं तिथे दुसरं काही होत नाही. देवाचं लाकूड हा किती गंभीर विषय आहे, हे त्यावरून कळतं.

पण नामदेवांनी हाच प्रश्न उलट बाजूनं विचारला आहे. गुरु ग्रंथसाहिबातल्या त्यांच्या एका पदाचा आशय असा, की पाण्यात जीव राहून गेले, फुलाचा वास भुंग्यानं घेतला, दूध वासरानं उष्टावलं. मग पूजेला कोरं आणायचं कुठून? मला हे पूर्ण पटतं. दुकानातली नवी फळीसुद्धा कुठल्या तरी झाडाचं उरलेलंच आहे. त्या झाडावर कुणाची घरटी होती, हे आपण पाहिलेलं नाही, एवढंच.

तरी नामदेवांपाशी थांबून माझं भागलं नाही. सगळंच उष्टं म्हटलं की वाटेल ते उचलायला मोकळीक मिळते. तिथे मला ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथातला नाभानेदिष्ठ आठवतो. मनूचा हा मुलगा गुरुगृही असताना भावांनी वाटण्या करून घेतल्या, त्याला काही ठेवलं नाही. वडिलांच्या सांगण्यावरून त्यानं अंगिरस ऋषींच्या यज्ञसत्रात मदत केली. स्वर्गाला जाताना त्यांनी उरलेल्या हजार गाई त्याला दिल्या. तो त्या घेऊ लागला तोच काळ्या वस्त्रांतला एक पुरुष पुढे आला आणि म्हणाला, इथे उरलेलं सगळं माझं आहे. परंपरा त्याला रुद्र मानते. नाभानेदिष्ठानं वडिलांना विचारलं. ते म्हणाले, त्याचंच आहे ते. मुलानं परत येऊन तसंच सांगितलं. खरं बोललास म्हणून त्या पुरुषानं गाई त्यालाच देऊन टाकल्या.

ही गोष्ट सत्यवचनाची म्हणून सांगतात. मला तिच्यात दुसरंही दिसतं. उरलेलं बेवारस नसतं. त्यालाही धनी असतो आणि तो बहुधा आपल्याला दिसत नाही.

आमच्या शेजारचा वाडा पाडला तेव्हा सागवानी चौकटी मलब्यात पडल्या होत्या. ठेकेदार म्हणाला, "न्या ना काका." व्यवहारापुरतं तेवढं पुरे होतं. तरीही मी चौकटीची एक पट्टी दाखवायला घेऊन त्या घरातल्या आजींकडे गेलो. त्या आता लेकीकडे राहतात. आडव्या पट्टीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "ही माजघराची. दसऱ्याचं तोरण हिलाच. न्या, पण जाळू नका."

तोरणाचे खिळे आत मोडलेले होते. रंध्याच्या पात्याला लागले असते, म्हणून पटाशीनं बाजूचं लाकूड थोडं कोरून जंबुरानं एकेक उपसला. खिळ्यांभोवती लाकूड काळं पडलं होतं. वरचा रंगाचा थर निघाला आणि आतून तेलकट, पिवळसर सागवान आलं. इतक्या वर्षांनीही त्याला वास होता. फळीच्या पुढच्या कडेला जुनी खाच राहिली. ती लांबी भरून बुजवता आली असती. मी बुजवली नाही, कारण हे लाकूड आधी कुणाच्या तरी दारावर होतं, हे देवापासून लपवायचं काही कारण नाही. वरून फक्त लाखेचं पॉलिश दिलं. आता तिथे टाक आणि बाळकृष्ण आहेत.

आत्याला मी सांगितलं, की देवाला उरलेलं द्यायला हरकत नाही. न विचारता घेतलेलं देऊ नये. तिला ते अजून पुरतं पटलेलं नाही. पण तुमच्या गल्लीत एखादं जुनं घर पडत असेल आणि एखादी फळी मनात भरली, तर ठेकेदाराबरोबर त्या घरात राहिलेल्या माणसालाही विचारा. नाही म्हणाले, तर ती तिथेच राहू द्या.