एकट्याची वाट आणि दहांची प्रार्थना

देवाच्या शोधार्थ घर सोडून निघालेल्या मनुष्याविषयी आपल्या मनात उपजतच आदर असतो. तो कोठे गेला, काय खाऊन राहिला, त्याला काय दिसले, हे आपण कुतूहलाने विचारतो. मागे राहिलेल्या घरात त्या दिवशी चूल कोणी पेटविली, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस छळीत आहे. आपल्याकडील एखाद्या सत्पुरुषाच्या चरित्रावरून त्याचा विचार करू जावे, तर श्रद्धा आड येते. म्हणून येथे परक्या देशातील व परक्या धर्मातील एका गृहस्थाची हकिकत घेतो. दुसऱ्याच्या घरचा हिशेब माणूस अधिक निर्भीडपणे तपासतो, एवढाच त्यातला हेतू.

वॉर्डर क्रेसन हे अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे. जन्म १७९८ चा. शेतीवाडी बऱ्यापैकी, पत्नी व मुलेबाळे असा भरला संसार. घराणे क्वेकर. ख्रिस्ती लोकांतील या पंथाच्या मूळच्या उपासनेत पुरोहित नाही, कर्मकांड नाही. मंडळी निःशब्द बसतात आणि ज्याला आतून प्रेरणा होईल तो उठून बोलतो. अशा घरात वाढलेल्या मनुष्यास आतला आवाज हेच अखेरचे प्रमाण वाटू लागले तर नवल नाही. क्रेसन यांचा आतला आवाज मात्र त्यांना एका जागी बसू देईना. त्या काळी अमेरिकेत नवनवे पंथ निघत होते. शेकर, मॉर्मन, मिलराइट, कॅम्पबेलाइट अशा कित्येकांच्या दारी ते जाऊन आले. पुढे फिलाडेल्फियातील यहुदी धर्मोपदेशक आयझॅक लीझर यांच्याशी परिचय झाला, आणि यहुदी लोक आपल्या प्राचीन भूमीस परतण्याची वेळ समीप आली आहे, ही कल्पना त्यांच्या मनाने घेतली. जेरुसलेम येथे अमेरिकेचा वकील म्हणून त्यांनी नेमणूक मिळविली आणि १८४४ साली, म्हणजे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, ते एकटेच समुद्रमार्गे निघाले. पत्नी व मुले फिलाडेल्फियासच राहिली.

ही वकिली औटघटकेची ठरली. हा गृहस्थ धर्मवेडा आहे असे एका माजी मंत्र्याने सरकारास कळविले, आणि सरकारने नेमणूक मागे घेतली. इंग्रज कादंबरीकार थॅकरे त्याच सुमारास जेरुसलेमास गेले होते. त्यांच्या प्रवासवर्णनात या वकीलसाहेबांची गाठ पडते. हुद्दा गेला, तरी क्रेसन माघारी फिरले नाहीत. ते तेथेच राहिले, चार वर्षे.

एकट्याचा प्रवास माणसास पालटून टाकतो, असे आजकाल फार बोलले जाते. पाठीवर पिशवी टाकून कोणी हिमालयात जातो, कोणी स्पेनमधील सांतियागोच्या वाटेने चालतो, आणि परत आल्यावर आपण स्वतःस भेटून आलो असे सांगतो. आम्ही त्याची थट्टा करीत नाही. परंतु क्रेसन यांचे आयुष्य पाहता, त्यांना पालटले ते प्रवासाने नव्हे, मुक्कामाने. ते निघाले तेव्हा ख्रिस्ती होते, आणि एक भाकीत खरे होताना पाहावे म्हणून निघाले होते. तेथे त्यांना भाकिताऐवजी माणसे दिसली. जेरुसलेम तेव्हा तुर्की सुलतानाच्या अमलाखाली होते. तेथील यहुदी वस्ती बहुतांशी दरिद्री. दूरदेशच्या धर्मबांधवांनी पाठविलेल्या दानावर तिचा गुजारा चाले. लंडनच्या मिशनरी संस्थेने तेथे दवाखाना व इतर मदतीची सोय केली होती, आणि त्या मदतीच्या वाटेने यहुद्यांना ख्रिस्ती करून घेण्याचा तिचा यत्न होता. ज्या धर्मात आपण जन्मलो त्याच्या नावाने उपाशी माणसाच्या श्रद्धेचा सौदा व्हावा, हे क्रेसन यांना सहन झाले नाही. त्यांनी लीझर यांच्या मासिकात या प्रकाराविरुद्ध लेख लिहिले. मिशनरी यहुद्यांना आपल्याकडे ओढीत असता हा ख्रिस्ती मनुष्य उलट दिशेने निघाला, आणि १८४८ च्या मार्चमध्ये त्याने यहुदी धर्म स्वीकारला. नवे नाव घेतले मायकेल बोआझ इस्रायल.

यहुदी धर्म आपल्या वाचकांस सर्वस्वी अपरिचित नाही. कोकणातील बेने इस्रायल मंडळी शतकानुशतके मराठी बोलत आली. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांनी शेजाऱ्यास कधी आपल्या धर्मात या म्हणून बोलाविले नाही. त्याचे कारण त्या धर्माच्या मूळ धारणेतच आहे. नोहाच्या वंशजांस, म्हणजे सर्व मानवांस, सात नियम पुरेसे आहेत. ते पाळणाऱ्या अन्यधर्मीय सत्पुरुषासही परलोकी वाटा आहे, असे त्यांचे आचार्य सांगतात. तेव्हा कोणास ओढून आणण्याची निकड राहत नाही. उलट जो आपण होऊन येतो त्याला आधी परतविण्याची चाल आहे. तालमूद ग्रंथात सांगितले आहे की, अशा मनुष्यास विचारावे : इस्रायलचे लोक आज गांजलेले, पिडलेले आहेत, हे तुला ठाऊक नाही काय? ते ठाऊक असूनही, मी त्यांत सामील होण्यास पात्र नाही, असे जो म्हणेल त्याला घ्यावे. मग काही सोपे नियम सांगावे, काही कठीण सांगावे. पुरुषाची सुंता होते, मिकवे नावाच्या कुंडात सर्वांगस्नान होते, आणि तीन जणांचे न्यायमंडळ समक्ष लागते. कोणी अरण्यात एकांती बसून, आजपासून मी यहुदी झालो, असे मनाशी ठरवील, तर तो यहुदी होत नाही. आतला आवाज कितीही स्पष्ट असो, बाहेरच्या तिघांनी तो मान्य करावा लागतो.

आणि एवढ्याने भागत नाही. प्रत्येक यहुदी मनुष्य आपापली प्रार्थना एकट्याने करू शकतो. परंतु काही प्रार्थना अशा आहेत की, त्यांस दहा माणसे जमावी लागतात. परंपरेने हे दहा प्रौढ पुरुष असत. आज काही पंथ स्त्रियांचीही गणना करतात. मृताच्या नावाने म्हणावयाची कद्दीश ही प्रार्थना त्यांपैकीच. नऊ मोठे विद्वान बसले असतील तरी चालत नाही. दहावा कोणी साधा हमाल येईल तेव्हा ती सुरू होते. आम्हांस हा नियम फार मोलाचा वाटतो. हजारो मैल एकट्याने तुडवून जो साधक या धर्माच्या दारी येतो, त्याला पहिल्याच दिवशी हे शिकावे लागते की, येथे एकट्याचे चालत नाही.

क्रेसन यांनी ते शिकून घेतले, यात शंका नाही. १८४८ सालीच, आपले व्यवहार मार्गी लावावे या हेतूने, ते फिलाडेल्फियास परतले. आपल्या गैरहजेरीत आपली मालमत्ता विकली गेली, असे त्यांचे म्हणणे होते. पत्नी व एक मुलगा यांनी न्यायालयात अर्ज केला की, हा मनुष्य वेडा ठरवावा. १८४९ साली पंचांनी त्यांना वेडे ठरविलेही. क्रेसन यांनी दाद मागितली, आणि १८५१ च्या मे महिन्यात खटला पुन्हा चालला. सहा दिवस सुनावणी, शंभराच्या आसपास साक्षीदार. प्रश्न वरवर वैद्यकीय. खरा प्रश्न असा की, ख्रिस्ती घरात जन्मलेल्या शहाण्या मनुष्याने यहुदी व्हावे, हे वेडाचे लक्षण मानावयाचे की काय? पंचांनी निकाल दिला, हा गृहस्थ शहाणा आहे.

निकाल योग्य होता. धर्म बदलणे हे वेड ठरले असते, तर अमेरिकेतच काय, कोठेही कोणाची श्रद्धा सुरक्षित राहिली नसती. या खटल्याविषयी लिहिणारे बहुतेक जण येथे समाधानाने लेखणी ठेवतात. आमची लेखणी मात्र येथे अडते. शहाणा असणे आणि निर्दोष असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. न्यायालयापुढे पत्नी जो प्रश्न घेऊन गेली तो चुकीचा होता. पण तिचा खरा प्रश्न विचारण्यास त्या न्यायालयात जागाच नव्हती. तुम्ही देवाकडे निघालात तेव्हा मला विचारलेत का? या प्रश्नाला कायद्याचे कलम नाही. तो ज्या भाषेत विचारता येत नव्हता त्या भाषेऐवजी तिने वेडाची भाषा घेतली, असे आम्हांस वाटते. तिच्या कृत्याचे आम्ही समर्थन करीत नाही. शहाण्या माणसास वेडा म्हणून घोषित करविणे ही क्रूर गोष्ट आहे, मग ती करणारा कितीही दुखावलेला असो.

आपल्याकडे हा प्रश्न विचारला गेला आहे. विठ्ठलपंतांची कथा घरोघरी ठाऊक आहे. तरुण पत्नीस मागे ठेवून ते काशीस गेले, संन्यास घेतला. गुरू आळंदीस आले असता रुक्मिणीबाईंनी नमस्कार केला, त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला, आणि मग सारा उलगडा झाला. परंपरा सांगते की, गुरूंनी शिष्यास परत संसारात धाडले. संन्यास मोठा खरा. परंतु तो दुसऱ्याच्या खर्चाने घेता येत नाही, एवढे त्या गुरूंस कळले होते. पुढे समाजाने त्या कुटुंबाचे काय केले, ते सांगावयास नको. गुरूंनी बरोबर केले आणि समाजाने निर्दयपणे केले, अशा दोन्ही गोष्टी एकाच कथेत आहेत.

यहुदी आचार्यांनीही या कोड्यास हात घातला आहे. नवधर्मीय मनुष्य हा नुकत्याच जन्मलेल्या बालकासारखा, असे तालमूदचे वचन प्रसिद्ध आहे. शब्दशः घेतले तर त्याचा अर्थ भयंकर होतो : बालकास मागचे आईबाप नाहीत, बायको नाही, कोणाचे देणे नाही. बाराव्या शतकातील महान आचार्य मैमोनिदीस यांनी तो अर्थ तेथवर जाऊ दिला नाही. नवधर्मीयाने आपल्या अन्यधर्मीय पित्यास शाप देऊ नये, मारू नये, त्याचा काही मान राखावा. नाहीतर लोक म्हणतील, हे मोठ्या पावित्र्यातून हलक्या पावित्र्यात आले. असे त्यांनी लिहून ठेविले आहे. याच मैमोनिदीस यांनी ओबाद्या नावाच्या एका नवधर्मीयास पत्र लिहून कळविले की, आमच्या पूर्वजांचा देव हे शब्द तूही निःशंकपणे उच्चार, कारण अब्राहाम तुझाही पिता आहे. नवे आईबाप मिळाले म्हणून जुने पुसले जात नाहीत, हे दोन्ही लेख एकत्र वाचले म्हणजे ध्यानात येते. बायकोविषयी त्यांनी या दोन ठिकाणी काही म्हटलेले नाही. आम्ही तोच न्याय पुढे नेतो. पित्यास मान द्यावयाचा, तर जिच्यापाशी आपण वचनबद्ध झालो तिला उत्तर तरी द्यावयास हवे.

येथे आमचीही एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. तरुणपणी आम्ही एकदा एकटेच काशीयात्रेस निघालो होतो. गंगेकाठी मन असे रमले की, घरी दोन ओळींचे कार्ड टाकावयाचे अकरा दिवस राहून गेले. परत आलो तेव्हा मातोश्री काही बोलल्या नाहीत. त्या न बोलण्याचा अर्थ समजावयास आम्हांस पुष्कळ वर्षे लागली. क्रेसन यांचा न्यायनिवाडा करताना हे आम्ही विसरत नाही.

घर सोडून देवामागे निघालेल्यांची दोन उदाहरणे यहुदी लोक अग्रभागी मानतात. पहिले अब्राहामाचे. देश, जन्मभूमी, पित्याचे घर सोडून जा, अशी त्याला आज्ञा झाली, आणि तो निघाला. एकट्या प्रवाशांस ही कथा फार प्रिय असते. परंतु उत्पत्तीच्या ग्रंथात पुढेच लिहिले आहे की, तो पत्नी सारा, पुतण्या लोट व हारान येथे जोडलेली माणसे यांसह निघाला. पित्याचे घर सुटले, बायको सुटली नाही. दुसरे उदाहरण मोआब देशच्या रूथचे. नवरा वारला, सासू नाओमी आपल्या देशी निघाली, आणि रूथ तिच्यामागे चालू लागली. नाओमीने तिला परत जा म्हणून विनविले, पुन्हा विनविले, तिसऱ्यांदा विनविले. येणाऱ्यास तीनदा परतवावे, ही चाल रब्बींनी येथूनच काढली. रूथ फिरली नाही. तिचा देव तिला वाटेत एकट्याने सापडला नाही. एका दुःखी म्हाताऱ्या बाईची सोबत सोडावयाची नाही, या निश्चयात सापडला. तिची जाऊ ओर्पा रडत रडत आपल्या आईच्या घरी परतली. तिला नाओमीने निरोप दिला तो आशीर्वादाचा, दोषाचा नव्हे. आम्हांस ओर्पेविषयी फार आपुलकी वाटते. आईकडे परतणे हेही कोणाच्या तरी हाकेला ओ देणेच होते.

क्रेसन यांची फारकत झाली. १८५२ मध्ये ते जेरुसलेमास परत गेले, आणि या वेळी ते प्रवासी म्हणून गेले नाहीत. तेथील सेफार्दी यहुद्यांत ते मिसळले, त्याच समाजातील एका स्त्रीशी विवाह केला. दानावर जगणाऱ्या वस्तीने स्वतःच्या हातांनी धान्य पिकवावे, म्हणून शहराजवळील रेफाईमच्या खोऱ्यात शेतीची वसाहत उभारण्याचा त्यांनी खटाटोप केला. पुरेसे द्रव्य जमले नाही आणि योजना बारगळली. खटल्याच्या सुमारास त्यांनी आपली बाजू मांडणारे पुस्तकही छापले होते. १८६० मध्ये ते वारले, आणि त्यांना जैतुनाच्या डोंगरावर पुरण्यात आले.

धर्म स्वीकारताना त्यांनी जे नाव निवडले त्यात बोआझ हे नाव आहे. बेथलेहेमच्या शेतात, सरवा वेचणाऱ्या परदेशी रूथची चौकशी करणारा, तिला पाणी देणारा आणि शेवटी तिला व नाओमीला घर देणारा तो बोआझ.