नीट उभा राहा

सकाळी शाळेची बस यायला थोडा अवकाश असतो. कोपऱ्यावर मुलं उभी असतात. खरं तर उभं कुणीच नसतं. एक मुलगा फुटपाथच्या फक्त लाल ठोकळ्यांवर पाय देत पुढे जातो, तसाच उलटा येतो. त्याच्यामागून एक धाकटी लंगडी घालत निघते. तोल गेला की ती आणि तिचं दप्तर, दोघंही एका अंगाला कलतात. तेवढ्यात कुणाचे तरी बाबा म्हणतात, "अरे, नीट उभा राहा!" मुलं थांबतात.

बाबांची काळजी खरी आहे, रस्ता वाहता आहे. पण हेच वाक्य मुलांच्या कानावर दिवसभर पडत राहतं. वर्गात, लिफ्टमध्ये, पाहुण्यांसमोर, खालच्या पार्किंगमध्येसुद्धा. आणि संध्याकाळी आपणच म्हणतो, हल्ली मुलं जागची हलत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, ५ ते १७ वर्षांच्या मुलांची रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल व्हावी. आठवड्यातून निदान ३ दिवस स्नायू आणि हाडं बळकट होतील असंही काही व्हावं. हे वाचलं की आपण लगेच क्लास शोधू लागतो. हाडांना मात्र हवा असतो भार, पाय जमिनीवर आपटतानाचा तो छोटा धक्का. तो दोरीच्या उड्यांत मिळतो. लंगडीत तर पुरेपूर, सगळं वजन एकाच पायावर.

मुलांना धावायला शिकवावं लागत नाही. धावू द्यावं लागतं.

आवारातल्या दोन-चार गाड्या संध्याकाळपुरत्या सरकवल्या, तरी लंगडीचा चौकोन बसतो. खडूने रेघा आखायच्या. एकावर राज्य. वर धरलेला पाय टेकला की बाद, पळणारा रेघेबाहेर गेला की बाद. आजच्या कितीतरी मुलांना हे ठाऊक नाही. त्यांच्या आयांना, आज्यांना पक्कं ठाऊक आहे. सांगायला कुणीतरी खाली उतरायला हवं. एखादा गुडघा खरचटेल. धुऊन औषध लावलं की पोर पुन्हा पळेल. फार तर दुसऱ्या डावाला लेक म्हणेल, "आई, आता तुझ्यावर राज्य!"